व्रतभंग आणि संजीवनी

१९२२ च्या पूर्वार्धात पालघरच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत देवीची साथ शमावी म्हणून जी पूजाअर्चा सुरू झाली, ती तेथेच संपली असती तर कोणत्याही दप्तरात तिची नोंद झाली नसती. कारण देवी अंगात येणे, तिची शांती करणे आणि मानाने तिला गावशिवेबाहेर पोचविणे हा या मुलखाचा पिढ्यानुपिढ्यांचा परिपाठ होता. परंतु त्या वर्षी शिवेबाहेर गेलेली देवी थांबली नाही. खाडीकाठ सोडून ती पूर्वेस डोंगराकडे वळली, गावोगावच्या आदिवासींच्या अंगात संचरू लागली, आणि नाशिक जिल्हा व डांग या वाटेने नोव्हेंबर महिन्यात ती सुरत जिल्ह्यात पोचली तेव्हा तिच्या मुखातून निघणाऱ्या आज्ञा साथीच्या राहिल्या नव्हत्या. दारू पिऊ नका, ताडी पिऊ नका, मांसमच्छी वर्ज्य करा, रोज स्नान करा, घरदार स्वच्छ ठेवा, दारूच्या गुत्तेदाराशी व्यवहार तोडा, असे ती सांगत होती. आणि हजारो माणसे मांडवाखाली बसून, ज्यांना आयुष्यात कोणी प्रश्नसुद्धा विचारला नव्हता अशा निरक्षर स्त्रीपुरुषांच्या तोंडून, ते फर्मान हात जोडून ऐकत होती. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ साली या चळवळीवर एक समग्र ग्रंथ लिहिला, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे. आजचे डहाणू व तलासरी हे दोन तालुके तो किनारा आणि तेव्हाचा सुरत जिल्हा यांच्या मधोमध पडतात.

देवीने हे हुकूम का सोडले, याचे उत्तर अबकारी खात्याच्या कारभारात शोधावे लागते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरची मोहाची भट्टी गुन्हा ठरली, ताडाच्या झाडावर कर बसला, आणि दारू गाळण्याविकण्याचा मक्ता ज्यांच्यापाशी भांडवल होते त्यांच्या हाती गेला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आला. म्हणजे ज्या वृक्षाखाली आदिवासी जन्मला त्याच वृक्षाचे फूल वेचून घरात ठेवल्याबद्दल त्याने सरकारास जाब द्यावा, अशी वहिवाट पडली. जे पेय पूर्वी देवाला, पितरांना आणि पाहुण्याला द्यायचे, ते आता गुत्त्यावर उधारीने मिळू लागले, आणि उधारी फेडण्यासाठी जमीन व श्रम लिहून देणे ओघानेच आले. अशा वेळी देवीने ‘पिऊ नका’ म्हटले, त्यात नीतीचा उपदेश जेवढा होता तेवढीच सुटकेची युक्तीही होती. आणि ती युक्ती काही महिने तरी विलक्षण सफल झाली.

परंतु मला विचारप्रवृत्त करते ती लाट नव्हे, तिच्या ओसरण्यानंतरची अवस्था. वर्ष उलटण्याच्या आत पुष्कळ जण पुन्हा पिऊ लागले. सुरत जिल्ह्यातील आदिवासींत तेव्हा दोन तट पडले: ज्यांनी देवीची आज्ञा पाळणे चालू ठेवले ते ‘वरजेला’, आणि जे जुन्या वाटेला परतले ते ‘सरजेला’. पहिल्यांनी दुसऱ्यांच्या घरचे अन्न वर्ज्य केले, सोयरीक टाळली, एका गावाची दोन गावे झाली. ज्या देवीने दुबळ्यांना एका मांडवाखाली आणले तिच्याच नावाने दुबळ्यांतील अधिक दुबळे वेगळे काढले गेले. व्रत घेणाऱ्याचे धर्म काय करतो हे साऱ्या पोथ्यांत लिहिलेले असते. व्रत मोडणाऱ्याचे तो काय करतो, या प्रश्नावर मात्र धर्माची खरी कसोटी लागते, आणि आज या प्रश्नाला अशी धार आली आहे की त्याच्या उत्तरावर माणसाचा श्वास अवलंबून राहावा.

ही धार कशाने आली ते सांगण्यापूर्वी एक खुलासा केला पाहिजे. मद्य हे स्वभावतःच पापमय आहे असे या भागातील वारली आदिवासींच्या धर्माने कधी मानले नाही. लग्नात, मृत्यूनंतरच्या विधीत, नव्या पिकाच्या पूजेत दारूचा वा ताडीचा पहिला थेंब देवाच्या व पितरांच्या नावाने भूमीला मिळतो आणि मग माणसांना. जे देवाला चालते ते भक्ताला वर्ज्य का, असा प्रश्न एखाद्या वृद्ध भगताने केला तर त्याला निरुत्तर करण्याजोगे शास्त्र निदान मजपाशी नाही. विधीतील पेयाला काळ होता, माप होते आणि सोबत होती. गुत्त्यावरच्या पेयाला यांपैकी काहीच नाही. ताडीत क्लोरल हायड्रेटसारखे गुंगीचे रसायन कालवून ती विकल्याची प्रकरणे महाराष्ट्रात ठिकठिकाणी उघडकीस आली आहेत. असल्या द्रवाला ताडी म्हणणे हा ताडाच्या झाडाचा अपमान आहे.

अशा व्यसनातून सुटण्यासाठी आपल्या समाजाने जे साधन सर्वांत अधिक वापरले ते शपथेचे. पंढरपूरची माळ गळ्यात घालावी, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेत चैत्री पौर्णिमेला नवस बोलावा, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आण घ्यावी, चर्चमध्ये गुडघे टेकून वचन द्यावे. रीत निरनिराळी, तत्त्व एकच. या साधनाची थट्टा करणाऱ्या सुशिक्षितांत मी नाही. शपथेने हजारो घरे सावरली आहेत. पण वैद्यकाचे तिच्याबाबत दोन इशारे आहेत, आणि ते माळ घालणाऱ्या बुवांनी व नवस ऐकणाऱ्या भगतांनी कधी ऐकलेले नसतात. पहिला असा की जो रोज पुष्कळ दारू पितो त्याने ती एकाएकी तोडली तर दोनतीन दिवसांत त्याला फेफरे येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, क्वचित प्राणही जातो. तेव्हा अशा माणसाने शपथ जरूर घ्यावी, परंतु ती पाळण्याचा पहिला आठवडा डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावा. दुसरा इशारा अफूच्या कुळातील द्रव्यांविषयी आहे आणि तो याहून गंभीर आहे.

अफू आपल्याकडे परकी नाही. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या मुंबईच्या बाया तान्ह्या मुलांना ‘बाळगोळी’ देऊन निजवीत, आणि त्या गोळीत अफू असे. १९२० च्या दशकातील सरकारी पाहणीत या प्रथेची नोंद आहे, आणि त्या बायांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या लांबलचक पाळीची आठवण ठेवावी. पुढे १९८० नंतर मुंबईत ब्राउन शुगर आली, तिला मराठीने ‘गर्द’ हे नाव दिले आणि ती ओढणाऱ्याला ‘गर्दुल्ला’ ही शिवी. आता तिच्या जोडीला ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आली, जी योग्य रोग्याला वरदान आहेत आणि अयोग्य हाती विष. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील वेदना मॉर्फिनवाचून सहन करावी लागणे हीदेखील एक क्रूरता आहे, हे विसरून या वनस्पतीला सरसकट शाप देणाऱ्यांशी माझे जमत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात सुमारे २.२६ कोटी लोक, म्हणजे शेकडा दोनांहून किंचित अधिक, या कुळातील कोणते ना कोणते द्रव्य घेतात. दारू पिणारे सुमारे १६ कोटी. डहाणू-तलासरीत गाऱ्हाणे मुख्यतः दारूचे आहे, हे उघडच आहे. परंतु या दोन तालुक्यांना छेदून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, तरुण पोरे आठआठ महिने गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून राहतात, बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात; जी वस्तू मुंबईत मिळते ती अच्छाडच्या नाक्याला विचारून थांबत नाही.

अफूच्या कुळातील द्रव्य मेंदूच्या ज्या केंद्रांना वेदनेपासून निवारण देते, त्यांच्या शेजारीच श्वासाची चाकरी बजावणारे केंद्र आहे, आणि ते द्रव्य त्यालाही निजविते. रोज घेणाऱ्याचे शरीर हळूहळू सोकावते, म्हणजे पूर्वीच्या मापाने त्याचे भागत नाही आणि त्या मापाने त्याचा श्वासही बंद पडत नाही. तो काही आठवडे थांबला, मग ते शपथेने असो, व्यसनमुक्ती केंद्रात असो वा तुरुंगात, की ही सोकावण उतरते. मनाला मात्र जुनेच माप आठवते. तो पुन्हा घेतो तेव्हा जुन्या मापाने घेतो, आणि आपण शपथ मोडली हे कोणाला कळू नये म्हणून एकटा, दार लावून, संडासात अथवा रानात घेतो. सोबत दारू वा झोपेची गोळी असली तर संकट दुणावते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या बारापटींहून अधिक आढळला आणि त्या मृत्यूंत अमली द्रव्याच्या अतिमात्रेचा वाटा सर्वांत मोठा होता. म्हणजे जो सतत घेत होता त्याच्याहून ज्याने सोडली आणि पुन्हा एकदा घेतली तो मृत्यूच्या अधिक जवळ असतो. दारूच्या बाबतीत व्रतभंगाचे फळ लज्जा हे होते. येथे व्रतभंग आणि लज्जा एकत्र आली की फळ मृत्यू हे होते, आणि या दोहोंपैकी लज्जा ही समाजाने पुरविलेली असते.

गडकऱ्यांना हे मर्म पुरते कळले होते असे मला वाटते. ‘एकच प्याला’तील सुधाकर दारू सोडतो, मोठ्या निर्धाराने सोडतो, आणि मग रोजगारासाठी जुन्या परिचितांच्या दारी जातो तेव्हा त्याचा भूतकाळ त्याच्या तोंडावर फेकला जातो, दुसरा पेला त्याच्या हाती तळीरामाने जितका दिला तितकाच त्या प्रतिष्ठित मंडळींनी दिला. नाटक पाहून प्रेक्षक मद्याविरुद्ध डोळे पुशीत घरी गेले. त्या प्रतिष्ठितांविरुद्ध कोणी रडल्याचे ऐकिवात नाही.

आता शास्त्राकडे वळू. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरापान करणाऱ्या द्विजाला सांगितलेले प्रायश्चित्त असे की त्याने अग्निवर्ण तापविलेली सुराच प्यावी आणि तिने देह जळाला म्हणजे तो पापातून मुक्त होतो. त्याच जागी वर्षभर कण्या अथवा पेंड खाऊन राहण्याचा सौम्य पर्यायही आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि पहिल्या प्रायश्चित्ताची तर्कपद्धती आपल्या मनातून अजून गेलेली नाही. गर्द घेऊन निपचित पडलेल्या पोराकडे बघून ‘भोगू दे आपल्या कर्माची फळे’ असे जो म्हणतो तो मनूचेच कलम अमलात आणीत असतो. फरक इतकाच की सुरा तापविण्याचे कष्टही तो घेत नाही.

याच्या उलट आदिपर्वातील कचाची कथा पाहावी. खाडिलकरांच्या ‘विद्याहरणा’मुळे ती मराठी माणसाच्या ओळखीची आहे, पण तिच्यातील प्रसंगांच्या क्रमाकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. असुरांनी कचाला जाळून त्याची राख शुक्राचार्यांच्या सुरेत कालविली आणि आचार्य ती प्याले. शिष्य गुरूच्या उदरात अडकला; तो बाहेर यावा तर गुरूचा देह फुटणार. तेव्हा आचार्यांनी त्याला उदरातच संजीवनी विद्या शिकविली, तो उदर भेदून बाहेर आला, आणि समोर मृत पडलेल्या गुरूला त्याने त्या विद्येने उठविले. मद्यपानावरील शुक्राचार्यांचा प्रसिद्ध निर्बंध, की ब्राह्मणाने यापुढे सुरा पिऊ नये, हा त्यानंतर उच्चारला गेला. आधी संजीवनी, मग निषेध. संजीवनीचा कचाने केलेला पहिला प्रयोग ज्याच्यावर झाला तो पिण्यामुळेच मेलेला मनुष्य होता. आणि ‘आपण प्यालात का?’ हे विचारण्यासाठी कचाने ती विद्या क्षणभरही तहकूब ठेवली नाही. निषेधाची योग्यता मी नाकारीत नाही. तो जिवंत माणसालाच करता येतो, आणि शुक्राचार्यांच्या बाबतीत तर तो पुन्हा उठलेल्या माणसानेच केला, एवढे मला दिसते.

आपल्या काळाला तशी एक विद्या सापडलेली आहे. तिचे नाव नॅलोक्सोन. हे औषध अफूच्या कुळातील द्रव्याला मेंदूतील त्याच्या जागेवरून हुसकावते आणि दोनतीन मिनिटांत थांबत आलेला श्वास परत चालू लागतो. मद्यावर अथवा झोपेच्या गोळ्यांवर त्याचा उपयोग नाही. परंतु ज्याने अफूजन्य काही घेतलेलेच नाही त्याला ते दिल्याने अपायही होत नाही, म्हणून शंका असताना देणे शहाणपणाचे. त्याची मुदत अर्धा ते दीड तास, आणि पोटातल्या वा रक्तातल्या विषाची मुदत पुष्कळदा त्याहून लांब; यास्तव उठून बसलेला रोगी ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला एकटे सोडू नये, कारण श्वास पुन्हा मंदावू शकतो. हे औषध भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच अशी शिफारस केली की असा प्रसंग ज्यांच्या डोळ्यांसमोर घडण्याचा संभव आहे त्या आप्तस्नेह्यांच्या हाती ते असावे. अमेरिकेत, जेथे अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने वर्षाला लाखावर माणसे मरू लागली, तेथे २०२३ मध्ये त्याचा नाकात मारायचा फवारा डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकण्यास परवानगी मिळाली. आपल्याकडे ते मुख्यतः इंजेक्शनच्या रूपाने आणि इस्पितळाच्या कपाटात असते.

म्हणून इस्पितळ येईपर्यंतचा काळ महत्त्वाचा, आणि डहाणूच्या पूर्वेकडील पाड्यांवर तो काळ थोडा नसतो. डहाणू व कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि अवघड रोगी पुष्कळदा हद्द ओलांडून सिल्वासा अथवा वलसाडकडे न्यावा लागतो. अशा वेळी शेजाऱ्याने काय करावे? खांदे हलवून नावाने मोठ्याने हाक मारावी, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरे दाबून चोळावी. तरीही जागा होत नाही, श्वास मिनिटाला मोजकेच येतात, ओठ निळसर वा राखी पडले आहेत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, घशातून घोरल्यासारखा घरघराट निघतो आहे, ही लक्षणे दिसली की १०८ ला फोन करावा. ‘घोरतो आहे, म्हणजे गाढ निजला आहे’ या समजुतीने पुष्कळ जीव घेतले आहेत. मान किंचित मागे करून, हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून दर पाच सेकंदांस एक फुंकर त्याच्या तोंडात द्यावी. श्वास आपण होऊन येऊ लागला तर कुशीवर वळवावे, म्हणजे वांती झाली तरी घशात जात नाही. ताक, लिंबूपाणी, मिठाचे पाणी यांपैकी काहीही त्याच्या तोंडात ओतू नये; बेशुद्धाच्या घशात ओतलेले पाणी फुप्फुसात उतरते. त्याला थंड पाण्याखाली धरू नये, चालविण्याचा प्रयत्न करू नये, आणि गाडी येईपर्यंत त्याला सोडून जाऊ नये. डॉक्टरांना काय घेतले असावे ते खरे सांगावे.

हे सांगितले की एक आक्षेप हटकून येतो: मृत्यूचे भय हाच एक लगाम उरला आहे, तो तुम्ही काढून घेता, मग पोरगा कशाला सोडील? आक्षेप वरवर सबळ दिसतो. पण ज्याला लगाम म्हणतात ते भय आजवर उपलब्धच होते आणि त्याने कोणी थांबल्याचा दाखला विरळा. ज्याची टर्की, म्हणजे द्रव्य न मिळाल्याची तडफड, सुरू झाली आहे, त्याला उद्याच्या मृत्यूपेक्षा आताची कळ मोठी वाटते. तिथे भयाचा तर्क चालतच नाही. शिवाय नॅलोक्सोनने जागे होणे सुखाचे नसते, ती टर्की क्षणात उभी राहते, तेव्हा त्याच्या आशेवर कोणी चैन करीत असेल हे संभवत नाही.

अधिक गहन आक्षेप दुसराच आहे, आणि तो उपचाराविषयी आहे. अफूच्या व्यसनावर आज जगभर जे उपचार सर्वांत प्रभावी ठरले आहेत त्यांत ब्युप्रेनॉर्फिन वा मेथाडोन ही औषधे डॉक्टरांच्या नजरेखाली रोज घेणे हा प्रमुख आहे. या उपचारात असेपर्यंत मृत्यूचे प्रमाण पुष्कळ घटते. परंतु ही औषधे त्याच कुळातील आहेत. मग वर्षानुवर्षे ती गोळी जिभेखाली ठेवून कामावर जाणाऱ्या, पगार घरी आणणाऱ्या, मुलांची फी भरणाऱ्या माणसाला व्रतस्थ म्हणावे की व्रतभ्रष्ट? ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असे म्हणणारे धार्मिक लोक व्रताचा अर्थ द्रव्याच्या अभावात पाहतात. मला तो कर्तव्याच्या सद्भावात दिसतो. मधुमेहाच्या रोग्याने इन्सुलिन घेतल्याने त्याचा उपवास मोडला असे कोणताही शहाणा पुरोहित म्हणत नाही, आणि अफूने बिघडविलेल्या मेंदूचा अधिकार स्वादुपिंडाहून कमी का समजावा हे मला कळत नाही.

शपथेच्या कल्पनेतही एक दुरुस्ती या क्षेत्रातील अनुभवाने सुचविली आहे. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही जी संघटना जन्मली, तिने व्रताची सुरुवातच उलट्या टोकाने केली: ‘मी सोडीन’ या प्रतिज्ञेऐवजी ‘माझ्याच्याने सुटत नाही’ या कबुलीने. त्यानंतर ज्याला जशी कल्पना करता येईल तशा एका श्रेष्ठ शक्तीच्या हाती स्वतःला सोपवायचे, आणि निग्रह करायचा तो केवळ आजच्या दिवसाचा. आपल्या भक्तिमार्गाला शरणागती नवी नाही. नवी आहे ती दिवसाची मर्यादा. जन्मभराची शपथ एकदा मोडली की सारीच मोडते आणि माणूस म्हणतो, आता उरलेच काय, पिऊन घेऊ. एका दिवसाची शपथ मोडली तर उद्याचा दिवस अजून अभंग असतो. अर्थात यातही धोका आहेच. वर्षानुवर्षांचे ‘स्वच्छ’ दिवस मोजणारा एखादा घसरतो तेव्हा शून्यावर येण्याच्या लाजेने तो सभेत बोलत नाही, आणि तेथे जुनेच वरजेला-सरजेला पुन्हा उगवतात. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या साह्याने सुरू केलेले मुक्तांगण, अथवा फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत स्थापिलेली आणि आज पालघर जिल्ह्यात वसईतही केंद्र असलेली कृपा फाउंडेशन, यांच्यासारख्या संस्थांत घसरलेल्याला पुन्हा दारात घेतात, आणि त्यांचे धार्मिकत्व मला त्यांच्या प्रार्थनेपेक्षा या वहिवाटीत अधिक आढळते.

कायद्याने या बाबतीत धर्मापुढे पाऊल टाकले आहे, पण अर्धेच. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४ अ प्रमाणे जो व्यसनी स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचारास येतो त्याला सेवनाच्या अथवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या गुन्ह्याबद्दल खटल्यापासून अभय मिळते. मात्र त्याने उपचार पुरा केला नाही तर ते अभय काढून घेता येते. म्हणजे सरकारही व्रतभंग मोजते. तरी पोलिसांच्या धास्तीने आजारी मुलाला घरात कोंडून ठेवणाऱ्या पाड्यावरच्या बापाला हे कलम कोणी वाचून दाखवावे, आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हा विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावा, एवढे तर होऊ शकते.

याहून अवघड काम भगताचे, बुवांचे आणि पाद्री महाशयांचे आहे. केंद्रातून परतलेल्या मुलाकडून ते नवी शपथ घेववितात तेव्हा त्यांनी तिच्यात आणखी दोन वाक्ये घालावी: मोडलीच तर एकटा असताना मोडू नकोस, आणि जुने माप घेऊ नकोस, मोडल्यावर प्रथम आमच्याकडे ये. हे ऐकून कित्येक भाविक म्हणतील की ही पापाला आगाऊ दिलेली संमती झाली. परंतु आपल्या धर्मशास्त्राने जेथे व्रते सांगितली तेथेच प्रायश्चित्तेही सांगून ठेवली, आणि त्याला व्रतभंगाची संमती मानण्याचा आरोप कोणी अद्याप केलेला नाही.

राहिली घरातील माणसे. ज्या आईने तीनदा दागिने मोडले, चौथ्यांदा भांडी विकली गेलेली पाहिली, जिने मुलाच्या हातचा मारही खाल्ला, तिला क्षमेवर प्रवचन ऐकविणे हा मला धर्माच्या नावाखाली चालणारा एक निर्दयपणा वाटतो. रात्री अंगणात तो निळा पडलेला आढळला तर ती त्याच्या तोंडात फुंकर घालील, शेजाऱ्याला हाक मारील, गाडी येईपर्यंत बसून राहील; इतके तिच्याकडून मागण्याचा हक्क त्याच्या जिवाला आहे. तो बरा होऊन आला म्हणजे त्याला घरात घ्यायचे की नाही ते ती ठरवील, आणि ते ठरविण्याची तिची मुखत्यारी कोणत्याही भगताने, कीर्तनकाराने अथवा धर्मगुरूने आपल्याकडे घेऊ नये.